ॲड्रेस बार खाली आणून आठ महिने झाले

फोनवरच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲड्रेस बार, म्हणजे साइटचा पत्ता टाइप करायची पट्टी, वरून खाली घेतला, त्याला आता आठ महिने झाले. पहिला आठवडा त्रासाचा गेला, बोट सवयीने वरच जायचं. मग एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन हातात घेतला. वरच्या बारपर्यंत पोचायला फोन तळहातात सरकवावा लागला, तेव्हा जाणवलं की ही कसरत मी इतकी वर्षं रोज करत होते.

कल्पना नवी नाही. क्रोमने 2016 च्या सुमारास अँड्रॉइडवर बार खाली आणून पाहिला आणि नंतर तो प्रयोग गुंडाळला. 2021 मध्ये आयफोनच्या आयओएस 15 बरोबर ॲपलच्या सफारी ब्राउझरचा बार खाली आला, पण बीटातच, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीतच, इतकी ओरड झाली की ॲपलने तो पुन्हा वर नेण्याची सोय दिली. हे योग्यच झालं. फोन दोन्ही हातांनी धरणाऱ्याला खालचा बार कशाला हवा?

मला सगळ्यात आवडलं ते शोधणं. टॅप केलं की बार कीबोर्डच्या डोक्यावर येऊन बसतो आणि सगळ्यात जवळची सूचना त्याला लागूनच दिसते. म्हणजे यादी खालून वर वाचायची. डोळ्यांना हे काही दिवस उलटं वाटलं, अंगठ्याला कधीच नाही. बारवरून आडवं बोट फिरवलं की शेजारचा टॅब येतो, त्यामुळे टॅबची यादी मी क्वचितच उघडते.

तक्रार आहे ती खालच्या कडेला झालेल्या गर्दीची. फोनचे स्वतःचे जेश्चर, म्हणजे बोट सरकवून द्यायच्या खुणा, तिथेच, बार तिथेच, साइटचं चिकटून बसलेलं बटण तिथेच, आणि कुकीची सूचनाही तिथेच. स्क्रोल करताना बार आक्रसतो. मग अगदी तळाच्या बटणावर टॅप केलं की आधी बारच परत येतो, बटण दाबायला दुसरा टॅप लागतो. काही साइटवर तर शेवटचं बटण बारच्या मागे अर्धं झाकलेलं असतं. साइट बनवणाऱ्याने पानाची उंची 100 व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर, धरली की मोबाइल ब्राउझर ती बार आक्रसलेला आहे असं समजून मोजतात, म्हणून हे होतं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, यासाठी एसव्हीएच (बार पूर्ण दिसत असतानाची उंची) आणि डीव्हीएच (बारबरोबर बदलणारी उंची) ही एककं आली आहेत. साइट बनवणाऱ्यांनी ती वापरावीत, ही कळकळीची विनंती.

दुसरी गोष्ट बारची नाही, पण मनाला लागलेली आहे. लांबलचक फॉर्म भरून झाला होता. वर काय लिहिलंय ते पाहायला पान खाली ओढलं, जरा जास्त ओढलं गेलं, पान रीफ्रेश झालं आणि सगळं पुसलं गेलं. साइटला हे ओढणं बंद करता येतं, हे मला ठाऊक आहे. तरी फॉर्म अर्धा भरलेला असताना ब्राउझरने निदान एकदा विचारायला हवं. तेव्हापासून ओढून रीफ्रेश करणं मी बंदच ठेवलंय. मेन्यूतून दोन टॅप जास्त लागतात, ते परवडतं.