फुंकणीची चार वर्षे: प्राणिसंग्रहालयातील एका उपकरणाचे परीक्षण

आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या पशुवैद्यकीय विभागात चार वर्षांपूर्वी ब्लोपाइपचा, म्हणजे फुंकर मारून औषध भरलेली सुई दुरून प्राण्याला टोचण्याच्या नळीचा, एक संच आला. नोंदवहीत तिचे नाव ‘ब्लोपाइप’ असेच आहे; पण कीपर मंडळींनी पहिल्या दिवसापासून तिला ‘फुंकणी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. चुलीतला विस्तव फुलवणाऱ्या फुंकणीसारखीच ही एक पोकळ नळी आहे आणि तिलाही छातीतला दम लागतो. या चार वर्षांत लसी, प्रतिजैविके, वेदनाशामके आणि भूल अशी नाना प्रकारची औषधे आम्ही तिच्यातून दिली. लहान संग्रहालयांत किंवा वन्यप्राणी बचाव केंद्रांत काम करणारे सहकारी असा संच घ्यावा की नाही, असे वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी, आणि पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला रोज काय चालते याची आस्था असणाऱ्या वाचकांसाठी, हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. उत्पादक कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या नळ्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते.

संग्रहालयातील पशुवैद्यकाचा दिवस सकाळी सातच्या फेरीने सुरू होतो आणि त्या फेरीत फुंकणी बरोबर नसते. आदल्या संध्याकाळी बिबट्याला दिलेल्या मांसातले किती उरले, तरसाची विष्ठा नेहमीसारखी पांढरट व कोरडी आहे की सैल, चितळांच्या कळपातला कोणता नर मागे रेंगाळतो, अस्वल पुढचा पंजा पूर्ण टेकवते की उचलून धरते, हे कीपर सांगतो आणि मी टिपून घेतो. वन्यप्राणी आपले दुखणे अगदी असह्य होईपर्यंत दिसू देत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे त्याच पिंजऱ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाने ‘आज हिचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टर’ असे म्हटले, की ते वाक्य मी रक्ताच्या अहवालाइतकेच गांभीर्याने घेतो. फेरीनंतर विष्ठेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली जातात, आहारगृहातले मांस, फळे आणि चारा तपासला जातो, आणि शक्य ती सर्व औषधे मांसाच्या तुकड्यात, केळ्यात किंवा गुळात दडवून तोंडावाटेच दिली जातात. जे औषध असे देता येत नाही, किंवा ज्या प्राण्याने खाणेच सोडले आहे, तिथे फुंकणीची गरज पडते. दिवसाच्या कामात तिचा वाटा लहान असला, तरी सर्वांत जपून करायचे काम तेच असते.

संचामध्ये दोन तुकड्यांत जोडली जाणारी धातूची नळी, तोंडाशी धरायचा रबरी भाग, तीन व पाच मिलिलिटरच्या डार्ट, सुया, सिलिकॉनच्या बारीक स्लीव्ह आणि हवा भरण्याचे जोडसाधन येते. डार्टची रचना मला आजही कौतुकास्पद वाटते. तिच्या आत एक दट्ट्या असतो. त्याच्या पुढच्या कप्प्यात औषध आणि मागच्या कप्प्यात दाबाने भरलेली हवा असते. सुईचे टोक बंद असते व छिद्रे तिच्या बाजूला असतात, आणि ती छिद्रे स्लीव्हने झाकलेली असतात. सुई कातडीत शिरली, की स्लीव्ह मागे सरकते, छिद्रे उघडतात आणि मागची हवा दट्ट्याला रेटून औषध स्नायूत सोडते. म्हणजे औषध आत ढकलण्याचे सर्व काम साठवलेली हवा करते आणि फुंकरीने फक्त डार्ट प्राण्यापर्यंत पोहोचवायची असते. शेपटाशी असलेल्या रंगीत गोंड्यामुळे ती सरळ उडते आणि नंतर गवतात सापडतेही. साध्या सुईची डार्ट काही क्षणांत गळून पडते, त्यामुळे लस व प्रतिजैविकांसाठी तीच वापरावी. जिच्यावर बारीक कडे असते ती सुई स्नायूत धरून राहते, म्हणून आम्ही ती केवळ भुलीसाठी राखून ठेवली आहे.

न्यूझीलंडमधील औषधनिर्माते आणि पशुवैद्यक कॉलिन मरडॉक यांनी १९५०च्या दशकात भूल देण्याच्या बंदुकीवर महत्त्वाचे काम केले, आणि मोकळ्या रानात दूरवरच्या प्राण्यासाठी आजही तशा बंदुकीला पर्याय नाही. संग्रहालयात मात्र प्राणी बहुतेक वेळा चार-पाच मीटरवर नाइट शेल्टरमध्ये असतो. इतक्या जवळून बंदुकीची डार्ट बसली, तर स्नायू ठेचला जातो, लहान प्राण्याचे हाडही मोडू शकते, आणि आवाजाने शेजारचे पिंजरे दिवसभर अस्वस्थ राहतात. फुंकणीचा आवाज एखाद्या उसाशासारखा असतो आणि आघातही सौम्य असतो. माकडे, खोकड, रानमांजर अशा लहान अंगाच्या प्राण्यांना तर मी बंदूक वापरण्याचा विचारही करणार नाही. जुन्नर भागात उसाच्या शेतांतून पिंजऱ्यात सापडलेले बिबटे जिथे नेले जातात, त्या माणिकडोहच्या निवारा केंद्रासारख्या ठिकाणच्या कामाचाही विचार करावा. लोखंडी पिंजऱ्यात आधीच बिथरलेल्या, गजांवर दात आपटणाऱ्या बिबट्याला आणखी भेदरवून न सोडता औषध देण्याचे इतके शांत साधन दुसरे क्वचितच असेल.

पल्ल्याविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. जाहिरातीत काहीही लिहिलेले असले, तरी माझा भरवसा सात मीटरपर्यंतच आहे. दहा मीटरच्या पुढे डार्ट खाली झुकते आणि वारा असेल तर बाजूला जाते. मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर, प्राणी आडवा उभा असताना आणि स्थिर असतानाच फुंकावे. पोट, बरगड्या आणि डोके यांच्या जवळपास नेम जाण्याची शक्यता वाटली, तर नळी खाली ठेवून पुन्हा वाट पाहावी. पहिले दोन महिने मी रोज दुपारी गवताने भरलेल्या पोत्यावर खडूने वर्तुळ काढून सराव केला आणि आमच्या दोन्ही सहायकांकडूनही करून घेतला. सरावाशिवाय हा संच कोणाच्याही हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उणिवांपैकी सर्वांत त्रासदायक म्हणजे सुटे भाग. दुसऱ्या वर्षी मागवलेल्या स्लीव्ह किंचित सैल निघाल्या. एका बिबट्याच्या उपचारात डार्ट उडताना स्लीव्ह सरकली, अर्धे औषध वाटेतच फवारले गेले, आणि किती मात्रा आत गेली याचा अंदाज बांधत मला ती रात्र काढावी लागली; कारण पुन्हा पूर्ण मात्रा द्यावी तर ती जास्त होण्याची भीती आणि न द्यावी तर जखम चिघळण्याची. तेव्हापासून प्रत्येक डार्ट भरल्यावर ती सुई वर करून काही वेळ धरायची, स्लीव्हच्या कडेला थेंब येतो का ते पाहायचे आणि मगच नळीत घालायची, असा नियम केला आहे. पुरवठादाराने त्या बदलून दिल्या, पण त्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला. दुसरी उणीव औषधाच्या आकारमानाची आहे. पाच मिलिलिटरच्या पुढचे औषध एका डार्टमध्ये बसत नाही, आणि दीर्घकाळ परिणाम करणारी घट्ट प्रतिजैविके बारीक सुईतून नीट उतरत नाहीत. मोठ्या वाघाला अशा औषधासाठी दोन-तीन वेळा टोचावे लागते, आणि पहिल्या डार्टनंतर दुसरीसाठी वाघ जागेवर उभा राहत नाही. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. न उडालेल्या डार्टमधली हवा आधी सोडल्याशिवाय सुई काढू नये. एकदा घाईत माझ्याकडून ही चूक झाली आणि औषधाची चिळकांडी चष्म्यावर आली. चष्मा नसता तर ते औषध डोळ्यांत गेले असते. संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही सूचना अगदी बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर आहे. ती पहिल्या पानावर ठळक छापायला हवी.

भुलीसाठी फुंकणी वापरायची असेल, तर डार्ट बसणे हा त्या दिवसातला सर्वांत सोपा भाग समजावा. मांसाहारी प्राण्याला आदल्या दिवशी उपाशी ठेवावे लागते, कारण झायलाझिन या गुंगीच्या औषधाने उलटी होते आणि भुलीत ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात काम उजाडताच उरकावे लागते, कारण भुलीत शरीराचे तापमान भराभर चढते. बादलीभर गार पाणी आणि ओली पोती आम्ही हाताशी ठेवतो. केटामाइन या भुलीच्या औषधाखाली डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यात मलम घालून वर कापड टाकावे लागते. चितळ किंवा काळवीट असेल, तर त्याला छातीवर बसते ठेवून मान उंच व तोंड खाली धरणारा माणूस आधीच नेमून ठेवावा, म्हणजे लाळ बाहेर ठिबकते आणि पोट फुगत नाही. उतारा म्हणून द्यायचे औषध सिरिंजमध्ये भरून खिशात असल्याशिवाय मी नळी तोंडाला लावत नाही. हरणांच्या बाबतीत धावपळीचीच मला अधिक भीती वाटते, कारण पाठलागाने दमछाक झालेले हरीण स्नायूंच्या बिघाडाने दोन-चार दिवसांनीही दगावू शकते. म्हणून कळपातल्या हरणावर फुंकणीचा प्रयोग एकदा फसला, तर त्या दिवशी दुसरा प्रयत्न आम्ही करत नाही.

या संचाबद्दलचे माझे मत एका वृद्ध मादी बिबट्याने बरेच बदलले. तिच्या पुढच्या पंजाचे नख वाढून, वळून तळव्यात रुतले होते. म्हाताऱ्या मांजरकुळातल्या प्राण्यांत हे नेहमी दिसते, कारण नखे घासण्याचा उत्साह ओसरतो. भूल देऊन नख कापले, जखम धुतली आणि पाच दिवस प्रतिजैविक द्यायचे ठरले. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी मी दारातून आत येताच ती मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटून बसली आणि संध्याकाळचे मांस तिने हुंगूनही पाहिले नाही. चौथ्या दिवशी मी नळी न घेता गेलो, तरीही तेच. औषध वेळेवर शरीरात जात होते, डार्ट अचूक बसत होत्या, आणि तरीही माझा रुग्ण उपाशी होता.

तिच्या कीपरने तेव्हा सुचवले की पुढची इंजेक्शने राहू द्यावीत, उरलेली मात्रा मांसातून देता येईल असे औषध शोधावे आणि पुढची वेळ येण्याआधी तिला शिकवावे. आम्ही तसेच केले. रोज सकाळी तो लांब काडीला मांसाचा तुकडा लावून तिला गजांशी बोलावी, कुशीने गजांना टेकून उभी राहिली की शिट्टी वाजवी आणि तुकडा देई. आधी नुसते उभे राहणे, मग काडीचा स्पर्श, मग बोथट टोकाचा दाब, आणि बऱ्याच आठवड्यांनंतर खरी सुई, अशा पायऱ्यांनी ते शिक्षण झाले. आता तिची वार्षिक लस मी साध्या सिरिंजने, गजांतून देतो आणि ती मांस चघळत उभी असते. शेपटीतून रक्त काढणेही याच पद्धतीने जमू लागले आहे. त्याचे मोल किती, हे ज्यांना जुलै २०००मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये रक्तातील ट्रिपॅनोसोमा परजीवीने दगावलेले वाघ आठवतात त्यांना सांगावे लागणार नाही. रोग रक्तात असताना ते रक्त वेळेवर आणि प्राण्याला न घाबरवता मिळणे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

माकडांच्या बाबतीत तर फुंकणी लवकरच निकामी ठरते. पहिल्या डार्टनंतर टोळीतली सर्व माकडे नळी ओळखतात. एखादे अंगातली डार्ट उपसून, न्याहाळून, दूर भिरकावून देते. त्यांच्यासाठी एक भिंत सरकवून प्राण्याला अलगद दाबून धरणारी स्क्वीझ केज अधिक उपयुक्त आहे, आणि तुमच्या निधीत दोन्हींपैकी एकच बसत असेल व तुमच्याकडे माकडे जास्त असतील, तर मी केजच्या बाजूने मत देईन.

खरेदीविषयी सांगायचे तर, किंमत निविदेगणिक बदलते, म्हणून आकडा देत नाही. फार लांब नळीचा मोह टाळावा. आमच्या अरुंद सेवामार्गात दीड मीटरच्या पुढची नळी वळवताच येत नाही आणि गजांवर आपटून आवाज होतो. डार्ट कमी घेतल्या तरी चालेल, पण स्लीव्ह आणि सुया पहिल्याच मागणीत वर्षभर पुरतील इतक्या घ्याव्यात, आणि त्या ताब्यात घेताना प्रत्येक पुडीतली एकतरी सुईवर चढवून पाहावी. केटामाइन अनुसूची ‘एक्स’मधील, म्हणजे कडक नियंत्रणाखालचे, औषध असल्याने त्याचे कुलूपबंद कपाट व नोंदवही संच येण्याआधीच तयार असावी. मागणीपत्रात मी आणखी एक ओळ घातली होती आणि ती मंजूर झाली याचे मला समाधान आहे: प्रात्यक्षिकाला पशुवैद्यकांबरोबर सर्व विभागांचे कीपर उपस्थित राहतील. त्या दिवशी प्रशिक्षकाने नळी हातात दिल्यावर बिबट्यांच्या कीपरने विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की ही बघून ती जेवायची थांबली तर काय करायचे.