‘ताई, मुलीचा चान्स ६८ टक्के आहे’: अमेरिकेतल्या ॲडमिशनच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलीला बारावीनंतर अमेरिकेत शिकायचं होतं. त्यासाठी आम्ही पुण्यातल्या एका सल्लागाराला ४ लाख ८० हजार रुपये दिले. त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही. त्याहून मोठा धोका थोडक्यात टळला: खोटा निबंध, खोटं शिफारसपत्र आणि आमच्या ऐपतीबाहेरचा करार, हे तिन्ही तिच्या नावाने तिकडे पोचणार होतं. आता नाशिकमध्ये तशाच मोफत सेमिनारच्या जाहिराती पुन्हा दिसायला लागल्या आहेत आणि अकरावीतल्या मुलांचे आईवडील मला फोन करून विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

सुरुवात सेमिनारनेच झाली. कॉलेज रोडवरच्या हॉटेलातला हॉल, पडद्यावर हार्वर्डच्या लाल विटांच्या इमारती, चहा-बिस्किटं. नंतर एकेका कुटुंबाशी स्वतंत्र बोलणं. मुलीचे दहावीचे ९६ टक्के, सॅट या अमेरिकी कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतले १६०० पैकी १४८०, गणिताची आवड, कथक, असं सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि काही दिवसांत एक रंगीत ‘प्रोफाइल रिपोर्ट’ पाठवला. त्यात प्रत्येक विद्यापीठापुढे टक्केवारी होती. हार्वर्ड ३१, ब्राउन ६८, कॉर्नेल ७४. शेजारी दुसरा रकाना: ‘आमच्या मार्गदर्शनानंतर’. तिथे हार्वर्ड ५२ झालेलं, ब्राउन ८५. ‘ताई, हे सॉफ्टवेअरचे आकडे आहेत, आमच्या मनाचे नाहीत,’ असं ते सल्लागार सर फोनवर म्हणाले. सगळी फसवणूक या आकड्यांवर उभी होती, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच बोलते.

हार्वर्डकडे २०२४ साली सुरू झालेल्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले होते आणि निवड झाली १,९३७ जणांची. म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. हे ५४ हजार अर्ज करणारे काही साधे विद्यार्थी नसतात. त्यांच्यातल्या हजारो मुलांचे मार्क आमच्या मुलीइतके किंवा तिच्याहून चांगले असतात. त्यात परदेशी मुलांसाठी वाट आणखी अरुंद. एमआयटी तर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवते आणि तसं उघड सांगते. मग नाशिकच्या एका मुलीचे ३१ टक्के आले कुठून?

कुठूनच नाही. एका मुलाला अमुक विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता किती टक्के, हे सांगणारं सॉफ्टवेअर कुणाकडेही असू शकत नाही, कारण निवड त्या वर्षी आलेल्या बाकीच्या अर्जांशी तुलना करून होते आणि ते अर्ज सल्लागाराने पाहिलेले नसतात. मार्क आणि सॅट हा उंबरठा. तो ओलांडल्यावर निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेत काय उपलब्ध होतं आणि मुलाने त्यातून काय केलं, त्या वर्षी विद्यापीठाला कोण हवं आहे, हे सगळं विद्यापीठाची प्रवेश समिती बघते. सॅटचा स्कोअर विद्यापीठाच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे तिथे घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांच्या गुणांत, बसतो याचा अर्थ ‘निम्मा चान्स’ असा लावून दाखवणं ही सरळसरळ लबाडी आहे. त्या पट्ट्यातल्या बहुतेकांना नकारच मिळतो.

खरी माहिती फुकट मिळते, हे मला फार उशिरा कळलं, कारण ते कुणी सांगतच नाही. तिकडची बहुतेक मोठी विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक पत्रक प्रसिद्ध करतात. किती अर्ज आले, किती घेतले, सॅटचे पट्टे काय होते, हे त्यात एका ठराविक क्रमाने असतं. त्यातल्या सी-७ या तक्त्यात मार्क, निबंध, मुलाखत, खेळ यांतलं काय ‘अतिमहत्त्वाचं’ आणि काय ‘विचारात घेत नाही’ ते विद्यापीठ स्वतः लिहितं. विद्यापीठाचं नाव आणि कॉमन डेटा सेट एवढं शोधलं की सापडतं. शिवाय अमेरिकी सरकारची एज्युकेशन-यूएसए ही सल्ला केंद्रं आहेत, त्यातलं एक मुंबईत आहे. प्राथमिक मार्गदर्शनाला तिथे पैसे पडत नाहीत.

आता त्यांचं दुसरं गणित. ‘एकेका ठिकाणी ५ टक्के जरी धरले तरी २० कॉलेजांना अर्ज केला की कुठेतरी लागण्याचा चान्स ६४ टक्के होतो,’ असं त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. आकडेमोड बरोबर आहे, म्हणूनच ती धोकादायक आहे. हे गणित लॉटरीच्या २० वेगवेगळ्या तिकिटांना लागू पडतं. इथे वीसही ठिकाणी तोच अर्ज जातो, तेच मार्क, तीच कामगिरी, तोच मुख्य निबंध. एका समितीला ज्या कारणाने तो अर्ज कमी वाटला, त्याच कारणाने दुसरीलाही वाटण्याची शक्यता मोठी असते. सात-आठ ठिकाणी नकार आला तर पुढेही नकारच येण्याची शक्यता वाढते. पण वीस हा आकडा त्यांच्या सोयीचा होता. कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच ऑनलाइन अर्जातून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या सोयीवर, जास्तीत जास्त २० कॉलेजं निवडता येतात आणि यांची फी कॉलेजागणिक होती. विद्यापीठांची अर्ज फी, मोठ्या नावांच्या ठिकाणी साधारण ७५ ते ९० डॉलर, ती वेगळी. ऐपत नसेल तर ती माफ करून मागता येते, पण ‘माफी मागितली की चान्स कमी होतो’ असं आम्हाला सांगितलं गेलं. तेही खोटं.

आणि मग ‘शंभर टक्के पैसे परत’ची हमी. यादीतल्या एकाही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही तर पूर्ण फी परत. माझ्या नवऱ्याने सही केली ती या वाक्यावर, आणि पुष्कळ सुशिक्षित माणसं याच वाक्यावर सही करतात, म्हणून यामागची रचना समजून घ्या. समजा त्यांनी शंभर मुलं घेतली आणि काहीही काम केलं नाही. त्यातली काही मुलं स्वतःच्या बळावर कुठेतरी लागणारच. त्यांची फी खिशात. उरलेल्यांना परत द्यायचे, म्हणजे खिशातलं काहीच जात नाही. पण तेही द्यावं लागू नये याची सोय करारात असते. आमच्या यादीत शेवटची तीन विद्यापीठं अशी होती की जी आलेल्यांपैकी बहुतेकांना घेतात. तिथे प्रवेश मिळाला की हमी संपली, मग तुम्ही तिथे जा किंवा जाऊ नका. शिवाय ‘संस्थेने सुचवलेला मजकूर विद्यार्थ्याने नाकारल्यास परतावा नाही’ असं एक कलम होतं. पुढे आमच्या विरोधात वापरलं गेलं ते हेच कलम.

पैसे टप्प्याटप्प्याने वाढले. मूळ पॅकेज, मग ‘रिसर्च पेपर’चे वेगळे, मग ‘सामाजिक कामाच्या प्रोफाइल’चे. पेपर म्हणजे पैसे भरून काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकात तिचं नाव तिसरं घालणं. तिने त्या विषयाचं एक पुस्तकही उघडलेलं नव्हतं. खरं काम करणाऱ्या मुलांसाठी वेगळे रस्ते आहेत: मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातर्फे होणारी ऑलिम्पियाडची शिबिरं पैसे देऊन मिळत नाहीत, म्हणूनच त्यांना मोल आहे.

निबंध आला आणि घरात स्फोट झाला. कॉमन ॲपचा मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत असतो आणि तो विद्यार्थ्यानेच लिहायचा असतो. यांनी लिहून पाठवलेल्या निबंधात तिचे आजोबा मराठवाड्यातले कर्जबाजारी शेतकरी होते, त्यांनी आत्महत्या केली होती, आणि ते बघून तिने पाण्याच्या गणितावर काम करायचं ठरवलं होतं. माझे सासरे सिन्नरला राहतात. निवृत्त शिक्षक आहेत, अजून रोज सकाळी फिरायला जातात. मुलगी तो मजकूर वाचून रडली. ‘आबांना मारून मला कुठेही जायचं नाही,’ म्हणाली. मी फोन केला तर सर शांतपणे म्हणाले, ‘ताई, तिकडे अशा स्टोऱ्या चालतात, कुणी तपासायला येत नाही.’ ज्या घरांत खरंच असं घडलंय, त्या घरांचं दुःख हा माणूस रुपये घेऊन वाटत होता. मला आजही त्याचा संताप येतो.

आणि तपासत नाहीत हेही खरं नाही. बऱ्याच विद्यापीठांत अर्ज प्रदेशवार वाचले जातात. भारतातले शेकडो निबंध एकाच माणसापुढून जातात. २०२४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय मुलाचं प्रकरण उघड झालं. त्याने खोटी कागदपत्रं दिली होती, वडील जिवंत असताना त्यांच्या मृत्यूचा दाखलासुद्धा. त्याला अटक झाली, प्रवेश गेला, परत यावं लागलं. प्रवेश मिळाल्यानंतरही, अगदी शिकत असतानाही हे बाहेर येऊ शकतं, आणि भोगावं लागतं ते विद्यार्थ्याला.

निबंधानंतर आम्ही बाकीचं उघडून बघायचं ठरवलं तर कळलं की तिच्या अर्जाचा पासवर्ड त्यांच्याकडे, आणि अर्जाशी जोडलेला ईमेलसुद्धा त्यांनीच काढलेला. तिने स्वतः लॉग-इन करायची गरज नाही असं तिला सांगितलं होतं. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणावं तरी दुवा त्यांच्याच मेलवर जाणार. शेवटी पोलिसांत जाऊ म्हटल्यावर त्यांनी तो दिला. आत गेलो तर शाळेच्या समुपदेशक म्हणून एक अनोळखी नाव होतं आणि शाळेच्या नावाशी मिळताजुळता, पण शाळेचा नसलेला ईमेल. शिफारसपत्र शाळेने स्वतः पाठवायचं असतं, ते हे लोक बाहेरून पाठवणार होते. मुख्याध्यापिकांना दाखवलं तेव्हा त्या सुन्न झाल्या. उद्या हे उघड झालं असतं तर त्या शाळेतल्या पुढच्या सगळ्या मुलांच्या पत्रांवर संशय आला असता.

त्याहून गंभीर दोन खुणा होत्या. आर्थिक मदत हवी का, या प्रश्नापुढे ‘नाही’. आणि एका विद्यापीठासाठी ‘अर्ली डिसिजन’. अर्ली डिसिजन म्हणजे निवड झाली तर तिथेच येईन असं वचन. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांची सही लागते. त्याची मुदत बहुधा १ नोव्हेंबरची असते. तिथला खर्च वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता निवड करतात आणि मग गरजेप्रमाणे मदत देतात. बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीवर परिणाम होतो, आणि अनेक ठिकाणी आधी नाही म्हटलं तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. या माणसाने आमची ऐपत माहीत असताना ‘नाही’वर खूण केली, कारण त्याने त्याची हमी पूर्ण झाली असती. पैसे कुठून आणायचे हा आमचा प्रश्न राहिला असता.

‘आमची तिकडे सेटिंग आहे’ हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी असतं, म्हणून दोन प्रकरणं सांगते. हार्वर्डमध्ये पूर्वी शिकवलेला मार्क झिम्नी नावाचा माणूस हाँगकाँगच्या एका कुटुंबाकडून मुलांच्या प्रवेशासाठी २० लाख डॉलरहून जास्त घेऊन बसला. २०१५ साली बोस्टनच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीत दोषी धरलं. कॅलिफोर्नियाचा रिक सिंगर खरोखरच प्रशिक्षकांना लाच देऊन मुलं आत घुसवायचा. २०१९ साली ते उघडकीला आलं, पालक तुरुंगात गेले, आणि २०२३ साली सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे सेटिंग बहुतेक वेळा नसतेच, आणि असली तर तो गुन्हा असतो.

मुलीने तो अर्ज पुसून स्वतः नव्याने लिहिला, मदत हवी असं स्पष्ट लिहून, मोजक्या ठिकाणी. मोठ्या नावांकडून नकार आले, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. आता ती पुण्यात गणितात बी.एस्सी. करते आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी पुन्हा बघू म्हणते. तिच्या निबंधात आजोबा होते, सिन्नरच्या शाळेत पाढे शिकवणारे.

पैसे परत मागितले तर त्या कलमाकडे बोट दाखवलं गेलं, नंतर फोन उचलणं बंद. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा केला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मोबदला, म्हणजे आपण दिलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर दाव्याला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आमच्या उपयोगी पडलं ते एवढंच: तो रंगीत रिपोर्ट, बँकेतून गेलेले हप्ते, आणि व्हॉट्सॲपवरचे न पुसलेले संदेश. रोख दिलेल्या ६० हजारांची पावती नाही, ते दाव्यात सिद्ध करणं अवघड जातंय. आमचा दावा दाखल झाल्यावर आणखी दोन कुटुंबं पुढे आली. त्यांच्याकडचा रिपोर्ट आमच्यासारखाच, फक्त नाव वेगळं, ब्राउनपुढे तोच ६८ चा आकडा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. ज्यांच्या फसवणुकीला दोन वर्षं होत आली त्यांची ती संपत आली आहे, तेव्हा कागद असतील तसे घेऊन आयोगाच्या कार्यालयात जा.