तेरडा, खुळखुळा की कळलावी? बियांपासून रानफुलं लावायची असतील तर

मे संपत आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये कासचा फोटो असतो. सोनकीने पिवळं झालेलं पठार, मधूनच सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. प्रश्न ठरलेला: "हे आमच्या गॅलरीत येईल का गं?"

नाही येत. कातळावरची बोटभर माती, तिच्यात पावसाळाभर मुरलेलं पाणी आणि खताचा पत्ता नाही, अशा जागी ती फुलं वाढतात. सीतेची आसवं तर कीटकभक्षी. मातीत काही मिळत नाही म्हणून मुळाशी बारीक पिशव्या करून पाण्यातले जीव पकडणारी. तिला शेणखताच्या कुंडीत बसवणं म्हणजे तिला मारणंच. शिवाय कासवरून किंवा कुठल्याही अभयारण्यातून बी खिशात घालून आणायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मोह ऑनलाइन मिळणाऱ्या 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'चा. पाकिटावरची नावं एकदा वाचा. पॉपी, कॉर्नफ्लॉवर, कॉसमॉस. ही रानफुलं खरीच, पण दुसऱ्यांच्या रानातली. केशरी-पिवळा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो आता इतका पसरलाय की लोक त्यालाच आपलं रानफूल समजून फोटो काढतात. तुमच्या कुंडीतून त्याला आणखी वाट कशाला करून द्यायची?

मग उरतं ते बांधावरचं, कुंपणाकडेचं, गावाकडच्या परसातलं. त्यातली तीन मी बियांपासून वाढवली आहेत आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे आहेत.

तेरड्यापासून सुरुवात करा, असं मी दहातल्या आठ जणांना सांगते. बी पेरलं की साधारण आठवड्याभरात दोन गुबगुबीत पानं वर येतात. जूनच्या पहिल्या पावसाला पेरलात तर भाद्रपदात गौरी येईपर्यंत फुलं हजर. कोकणात कित्येक घरी तेरड्याचीच गौर आणतात, त्यामुळे सासरी-माहेरी कुणाकडे तरी बी असतंच. मूठभर मागून घ्या. नर्सरीतला दुहेरी पाकळ्यांचा 'बालसम' दिसायला भरगच्च, पण भुंगे-माश्यांना साधा एकेरी तेरडा सोयीचा.

माती फार चांगली लागत नाही, ओल मात्र लागते. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळणारी गॅलरी त्याला आवडते. बी खोल पुरू नका, वर चिमूटभर माती भुरभुरवली की झालं. चुकतं ते पुढे. रोपं दाट उगवतात आणि उपटायला जीव होत नाही. उपटा. दोन रोपांत वीतभर अंतर नसेल तर काचेसारखी पाणीदार खोडं एकमेकांना टेकून कुजतात.

बी गोळा करणं हा तर खेळच. फुगलेली शेंग अलगद मुठीत धरायची. क्षणभर काहीच होत नाही, मग तळहातावर एकदम गुदगुली होते. मूठ उघडली की हिरव्या सालीच्या अळीसारख्या गुंडाळ्या आणि मोहरीपेक्षा थोडं मोठं तपकिरी बी. मूठ न धरता नुसतं बोट लावलंत तर ते सगळं शेजारच्या कुंडीत जातं. माझ्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी दरवर्षी तेरडा उगवतो, तो असाच. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात ते एकेका फुलापुरतं खरं. झाड महिनाभर तरी सहज फुलत राहतं. पाऊस सरला की मात्र संपतं, आणि कुंडी पुढच्या जूनपर्यंत रिकामी.

खुळखुळ्याचं गणित उलटं. त्याला लख्ख ऊन हवं आणि जागा हवी. कमरेएवढं झुडूप होतं, म्हणून जमिनीत लावणं उत्तम, नाहीतर मोठी कुंडी. पिवळ्या फुलांचे तुरे पाऊस ओसरताना येतात, म्हणजे तेरडा आवरतो तेव्हा हा सुरू होतो. वाळलेल्या शेंगेत बिया खुळखुळ वाजतात, नाव त्यावरूनच. बियांची साल टणक असते. तशाच पेरल्या तर काही लगेच उगवतील, काही पुढच्या वर्षी, काही कधीच नाही. सॅंडपेपरवर हलकेच घासायच्या आणि रात्रभर पाण्यात ठेवायच्या. सकाळी फुगलेल्या दिसतील त्या पेरायच्या, ज्या तशाच राहिल्या त्या पुन्हा घासायच्या. कडधान्याच्या कुळातला असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय स्वतःच करतो. खत घातलंत तर पानंच माजतात.

फुलपाखरांसाठी लावायचं असेल तर तिघांत हाच. ब्लू टायगर, कॉमन क्रो ही मंडळी त्याच्या फुलांपेक्षा सुकलेल्या, मोडलेल्या फांद्यांवर जास्त जमतात. नरांना त्यातली कडवट द्रव्यं लागतात, मादीला भुलवणारा गंध त्यातूनच तयार होतो. म्हणून वाळकी फांदी छाटून टाकू नका, तिथेच असू द्या. शेंगांत ठिपकेदार अळ्या शिरतील, निम्मं बी खातील. फवारणार असाल तर खुळखुळा लावूच नका. आणि त्याच्या बिया विषारी असतात, तेव्हा गाई-शेळ्या येतात अशा उघड्या अंगणात नको.

आता कळलावी. फोटोत सगळ्यात देखणी हीच. उलट्या वळलेल्या, नागमोडी कडांच्या पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाचं टोकच ताणा होऊन आधाराला वेटोळं घालतं. पण बियांपासून? लाल मण्यांसारखं बी तीन आठवड्यांनी उगवेल किंवा तीन महिन्यांनी. पहिल्या वर्षी गवतासारखी चार पानं, बस्स. थंडीत तीही वाळतात, आणि खाली इवलासा कंद झोपून राहतो. माझ्या पहिल्या कळलावीची कुंडी 'रिकामीच आहे' म्हणून आईने डिसेंबरात तुळशीच्या आळ्यात ओतली. दोष तिचा नाही, वर खरंच काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला कुंडीवर खडूने 'आत आहे' लिहून ठेवलं, आणि फूल तिसऱ्या पावसाळ्यात आलं.

घाई असेल तर नर्सरीतून कंद आणा, त्याच पावसाळ्यात फुलू शकेल. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि कोंब टोकाशी. ते टोक मोडलं की पैसे वाया. घरात लावली तर भांडणं लागतात ही समजूत मी मनावर घेत नाही, विष मात्र घेते. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. कोल्चिसीन हे औषधी द्रव्य तिच्या बियांतूनच काढतात आणि त्यासाठी तमिळनाडूत तिची शेती होते. रांगतं मूल, कुत्रं किंवा मांजर घरात असेल तर हा विषय इथेच थांबवा. नसेल तरी कंद हाताळताना हातमोजे घाला.

थोडक्यात, पूर्वेची गॅलरी आणि एका पावसाळ्याचा धीर असेल तर तेरडा, बिनदिक्कत. दिवसभर उन्हाचा तुकडा असेल तर खुळखुळा, आणि त्याच्या सावलीच्या बाजूला तेरडा. दोन्ही एकाच कुंडीत कोंबू नका, तेरडा पाणी मागतो आणि खुळखुळ्याच्या मुळांना ते सोसत नाही. कळलावी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, हात बसल्यावर.

बी कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून बुरशी धरते. पाकिटावर नाव आणि कुठून आणलं ते लिहा. आणि सगळं एकदम पेरू नका. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस ऊन पडलं तर हाताशी अर्धं तरी उरलेलं असावं.