आईची केदार-बद्री यात्रा : सदाशिव पेठेतल्या टूरवाल्या काकांचा अनुभव

आई अडुसष्टची, गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या या छोट्या ऑफिसात मी घाबरतच गेले. काकांनी पैशांचं बोलायच्या आधी आईलाच विचारलं, "काकू, पर्वती न थांबता चढता का?" नाही म्हटल्यावर दोन महिने रोज सकाळी पर्वती आणि शेवटी एकदा सिंहगड, असा गृहपाठ दिला. तोच पुढे कामी आला.

गौरीकुंड ते केदारनाथ साधारण 16 किलोमीटरची चढण, आणि मंदिर जवळजवळ 3,583 मीटरवर. हवा विरळ. म्हणून काकांनी आधी गुप्तकाशीला दोन रात्री ठेवल्या. दुसऱ्या एकाने हरिद्वारहून थेट सोनप्रयाग गाठायचं सांगितलं होतं. बरं झालं ऐकलं नाही. सरकारी नोंदणी यांनीच करून दिली. तिचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून, दोरी ओवून आईच्या गळ्यात अडकवला. सोनप्रयागला धो धो पावसात तपासणी झाली, तेव्हा तो कोरडाठाक होता!

तक्रार एकच. सोनप्रयागच्या हॉटेलात गरम पाणी कबूल केलं होतं, मिळाली एक कोमट बादली, तीही भांडून. काकांना फोन केला तर उचलला, पण पाणी काही आलं नाही.

आई जाताना घोड्यावर, उतरताना बराचसा रस्ता पायी. बद्रीनाथला तप्तकुंडाच्या वाफेत उभी राहून ती रडली. पुढच्या वर्षी तुंगनाथ म्हणतेय. मी यांच्याकडेच जाणार, फक्त हॉटेलं आधी स्वतः फोन करून विचारणार.