लॅपटॉप आत्ता घ्यायचा की पुढच्या चिपची वाट बघायची?

दर जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात नव्या चिपची घोषणा होते आणि खरेदीला निघालेला माणूस अडखळतो. २०२६ मध्ये इंटेलची पँथर लेक मालिका आली तेव्हाही तेच झालं. घोषणा झालेली चिप परवडणाऱ्या लॅपटॉपमध्ये यायला काही महिने जातात, जळगाव-धुळ्याच्या काउंटरवर यायला आणखी थोडे, आणि तोवर त्याच्या पुढच्या चिपच्या बातम्या सुरू झालेल्या असतात. प्रोसेसर, स्क्रीन, एसएसडी यांचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे ते इथे सोडून देतो.

थांबण्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर भक्कम आहे, तो बॅटरीचा. २०२४ मध्ये आलेल्या क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स आणि इंटेलच्या लुनार लेक चिपपासून हलक्या कामाला एका चार्जिंगवर दिवस निघू लागला. लाईट केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात बसून ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याला किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला ही सोय मोठी आहे. हे लॅपटॉप तापतातही कमी. ज्यांचं सगळं काम ब्राउझर, वर्ड आणि व्हिडिओ लेक्चर एवढ्यात आटोपतं, त्यांनी या गटातला लॅपटॉप ऑफरमध्ये येईपर्यंत दोन-चार महिने थांबायला माझी हरकत नाही.

नव्या लॅपटॉपवर झळकणाऱ्या एआयच्या स्टिकरसाठी मात्र थांबू नये. कोपायलट प्लस म्हणवून घ्यायला मायक्रोसॉफ्टने सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा प्रोसेसर, आणि किमान १६ जीबी रॅम अशी अट घातली आहे. टॅली, एक्सेल, ऑटोकॅड यांच्या रोजच्या कामाला त्या एनपीयूचा आज फारसा उपयोग नाही. १६ जीबी रॅमचा मात्र नक्की आहे.

आणि माझा कौल फिरला तो या रॅमवरच. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर कायमची सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन जोडलेली असते. लुनार लेकमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, पुढे वाढवायची सोयच नाही. यात कंपनीची लबाडी नाही. कमी व्होल्टेजवर चालणारी ही रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितकी वीज वाचते. दिवसभर पुरणारी बॅटरी थोडीफार याच रचनेतून येते आणि रॅमची पट्टी बसवायचा स्लॉटही याच रचनेत जातो.

पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याला हे एवढं टोचणार नाही. आपल्याकडे खानदेशात टोचतं. आपल्याकडची धूळ आणि उन्हाळाभर चालणारा कूलर यांनी रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ बसतो आणि एक दिवस बटण दाबल्यावर लाईट लागते, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. स्लॉटवाल्या लॅपटॉपला यावर उपाय साधा असतो. मागचं झाकण उघडायचं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, रॅम बाहेर घेऊन पट्टीवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवायचं, पुसून परत बसवायची. रॅम खरंच गेली असेल तर दुसरी टाकायची. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हे काम उभ्या उभ्या होतं, अमळनेर-शिरपूरलाही होतं. सोल्डर केलेल्या रॅमची एक चिप गेली की बहुतेक वेळा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतात. तो बाहेरून मागवावा लागतो, वॉरंटी संपलेली असेल तर त्याची किंमत ऐकून माणूस नवाच घ्यायचा विचार करतो, आणि जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत किंवा प्रोजेक्ट सबमिशनच्या तोंडावर आठ-पंधरा दिवस हात बांधून बसावं लागतं. म्हणून मी थांबलो नाही. मागच्या पिढीचा, दोन स्लॉटवाला, जरा जाड लॅपटॉप घेतला. बॅटरी कमी पुरते, ते खरं आहे. चार्जर बरोबर ठेवावा लागतो.

जाडीचा फायदा उन्हाळ्यात कळतो. बहुतेक कंपन्या वापराचं कमाल तापमान ३५ अंश देतात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं तापमान पंख्याखालीही सहज ओलांडतं. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मोठा पंखा आणि रुंद जाळी असेल तर माझ्या अनुभवात काम रखडत नाही, आवाज तेवढा वाढतो. जिनिंगच्या जवळ दुकान असेल तर हंगामात कापसाचं तूस पंख्याच्या पात्यामागे जाळीवर नमद्यासारखं बसतं. बाहेरून ते दिसत नाही, लॅपटॉप नुसता हळू झाल्यासारखा वाटतो. एप्रिलमध्ये एकदा झाकण उघडून साफ करावं. ब्लोअर मारताना पातं काडीने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

स्नॅपड्रॅगनवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर इम्युलेशनने, म्हणजे मधल्या मध्ये भाषांतर होऊन, बहुधा चालतात, पण ड्रायव्हरला (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) इम्युलेशन नसतं, तो एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र, जुना प्रिंटर यावर ज्यांचं पोट आहे, त्या कर सल्लागारांनी आणि सेतू केंद्रवाल्यांनी आपापलं यंत्र जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

थांबलं की स्वस्त मिळेल, हा जुना हिशेब सध्या जुळत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, कारण कारखाने एआय सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे वळले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘८ जीबीचा घेऊ, दिवाळीला रॅम टाकू’ हा सल्ला मीही पूर्वी देत असे, आता देत नाही. १६ जीबीचा घ्या, शक्यतो एकच पट्टी आणि दुसरा स्लॉट रिकामा. एका पट्टीवर ग्राफिक्सचा वेग थोडा कमी मिळतो, पण पुढे वाढवताना आधीची पट्टी फेकावी लागत नाही.

हातातला लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल तर थांबायला हरकत नाही, एसएसडी आणि नवी बॅटरी टाकली की वर्षभर सहज निघतो. टचपॅड एका बाजूने उचललं गेलं असेल किंवा क्लिक घट्ट लागत असेल, तर खाली बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, चार्जिंगला लावू नका, आधी काढून घ्या. सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही (एखाद-दुसरा अपवाद सोडून), आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर बँकेचं काम करणाऱ्यांनी फार रेंगाळू नये.

दुकानात चालू लॅपटॉप समोर आला की कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की खाली फॉर्म फॅक्टर दिसेल. ‘एसओडिम’ असेल तर स्लॉट आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम सोल्डर केलेली. किती स्लॉट वापरात आहेत तेही तिथेच कळतं, पण काही मॉडेलमध्ये हा आकडा फसवा असतो, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर पडताळा. मागच्या पिढीचा माल दुकानात पडून राहिलेला असू शकतो, तेव्हा सीरियल नंबरवरून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवते ते बिल करायच्या आधी बघा. तारीख जुनी निघाली तर बिलाची प्रत देऊन कंपनीकडून दुरुस्त करून घेता येते, आणि हे काम दुकानदाराकडूनच करून घ्यावं.

पुढे स्वतः रॅम टाकाल तेव्हा पट्टी तिरकी धरून आत सारायची, सोनेरी कडा दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिप ‘टक’ करून बसल्या पाहिजेत. रॅम डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन एक-दोन मिनिटं काळी राहते, कारण बोर्ड नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करू नका.