फाउंड्रीतल्या ट्रॉलीसाठी लिडार: फिरता घ्यावा की न हलणारा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साचे वाहून नेणारी स्वयंचलित ट्रॉली आणायची, तर लिडार निवडावाच लागतो. लेझरचा ठोका जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून तो अंतर काढतो. एक नॅनोसेकंद म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर. खरा फरक आहे तो झोत फिरवण्याच्या पद्धतीत.

फिरत्या डोक्याचा लिडार ३६० अंश आणि लांबवर बघतो, तंत्रही मुरलेलं आहे. पण मोल्डिंगची बारीक वाळू आणि शेकआउटचे (साचा फोडून ओतीव भाग बाहेर काढण्याचे) हादरे त्याच्या बेअरिंगला सोसत नाहीत. ‘सॉलिड स्टेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लिडारमध्येही मेम्सचा, म्हणजे चिपवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रणेचा, इवलासा आरसा हलत असतो. विक्रेत्याला हे थेट विचारा.

फ्लॅश लिडारमध्ये काहीच हलत नाही. तो समोरचा सगळा भाग एकदम उजळतो. प्रकाश पसरल्यामुळे पल्ला मात्र कमी पडतो. आयफोन १२ प्रोमधला याच जातीचा लिडार ५ मीटरपर्यंतच मोजतो. लेझरचे गट आळीपाळीने पेटवले की पल्ला वाढतो आणि शेडमधल्या संथ ट्रॉलीला तेवढा पुरतो.

ऑप्टिकल फेज्ड ॲरे मला सर्वांत देखणी कल्पना वाटते. चिपवरच्या असंख्य सूक्ष्म अँटेनांतून निघणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे केल्या की झोत वळतो. मात्र अँटेनांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीहून जास्त झालं, तर बाजूला खोटे झोत निघू शकतात. फार जवळ आणल्या तर एकीचा प्रकाश दुसरीत झिरपतो. आज कारखान्यासाठी मी यावर पैसे लावणार नाही.

तरंगलांबीकडे मात्र नीट बघा. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे जास्त ताकद वापरता येते. पण १४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या लोखंडाचं प्रारण १७०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. म्हणजे ओतकामाजवळ १५५० नॅनोमीटरच्या डिटेक्टरवर, लिडारमध्ये वापरल्या जाणाऱ्या ९०५ नॅनोमीटरच्या डिटेक्टरपेक्षा जास्त झगमगाट येतो. परतलेला प्रकाश स्वतःच्याच लेझरशी मिसळून मोजणारे एफएमसीडब्ल्यू लिडार याला फारसे बधत नाहीत, पण ते महाग आहेत.

म्हणून शेडमधल्या ट्रॉलीला मी ९०५च्या आसपासचा, अरुंद फिल्टर (फक्त त्याच तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश आत सोडणारा) लावलेला, गटागटाने पेटणारा फ्लॅश लिडार घेईन. काच रोज पुसावीच लागेल. धूळ कुठल्याच लिडारला माफ करत नाही. माणूस आडवा आला तर ट्रॉली थांबवायचं काम मात्र या लिडारवर सोडू नका. त्यासाठी प्रमाणित सेफ्टी स्कॅनर वेगळा बसवा, मग त्याच्या पोटात आरसा फिरत असला तरी चालेल.