लाळ्या-खुरकुताचा माग: व्हीपी१ की संपूर्ण जनुकसंच?

गुराढोरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकुत या संसर्गजन्य रोगाचा विषाणू सीमा ओलांडून कुठून आला हे शोधताना प्रयोगशाळेपुढे दोन मार्ग असतात: कवचातील व्हीपी१ प्रथिनाचा सुमारे ६३० जनुकीय अक्षरांचा भाग वाचणे, किंवा साधारण ८,३०० अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच वाचणे. पहिला मार्ग स्वस्त व जलद आहे. शिवाय अनेक वर्षांचे व्हीपी१ चे अक्षरक्रम तुलनेसाठी उपलब्ध असल्यामुळे, भारतात २००१ मध्ये आढळलेला ‘ओ’ प्रकारातील इंड-२००१ हा वंश २०१३ मध्ये लिबियात आणि पुढच्या वर्षी ट्युनिशिया व अल्जीरियात पोहोचल्याचे ओळखता आले. देशादेशांमधील विषाणूंचे नाते सांगायला हा पहिला मार्ग बहुधा पुरतो.

मात्र एवढ्या छोट्या तुकड्यात वर्षभरात मोजकेच बदल साठतात, त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने बाधित झालेले दोन गोठे त्यात अगदी सारखे दिसू शकतात. तिथे संपूर्ण जनुकसंचच हवा: ब्रिटनमधील २००७ च्या उद्रेकात संसर्ग कोणत्या शेतावरून कुठे गेला याचा क्रम त्याच्या आधारे लावता आला, इतकेच नव्हे तर मधले एखादे बाधित ठिकाण नजरेतून सुटले असावे, हेही त्यातून सूचित झाले.

मधल्या देशांतून नमुनेच आले नाहीत, तर दोन्ही पद्धती विषाणूचा नेमका मार्ग दाखवू शकत नाहीत, आणि मला याचीच अधिक चिंता वाटते.